सरनौबत प्रतापराव गुजर

प्रतापराव गुजर हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर कुसुमाग्रजांच्या कवितेतून आणि तिच्या गायनातून भेटले असेल. सात स्वार, समोर अफाट सैन्य आणि निश्चित मरण एवढेच चित्र आपल्या मनात राहते. काही वर्षांपूर्वी सीवूड्स येथे रविवारच्या संपर्क सत्रात मी हा भाग शिकवत होतो. वर्गात एका गृहसंकुलाच्या सुरक्षारक्षकांचे पर्यवेक्षक बसले होते. रात्रपाळी संपवून ते थेट वर्गात आले होते. त्यांनी विचारले, सेनापती सहा जणांना घेऊन निघून गेल्यावर मागे राहिलेल्या फौजेचे कोणी पाहिले? इतकी वर्षे शिकवूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुढील मजकूर तो प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून वाचावा.

प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले भोसरे हे त्यांचे गाव. 1666 च्या जानेवारीत पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या वेळी सरनौबत नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले आणि ते पद कुडतोजींकडे आले. सोबत प्रतापराव हा किताबही मिळाला. पद कोणत्या कारणाने रिकामे झाले, हे नव्या सरनौबतांना ठाऊक नसणे शक्य नव्हते. वैयक्तिक शौर्यात नेताजी कोणाहून उणे नव्हते; ते उशिरा आले, एवढेच.

येथे थोडे शब्दाकडे वळू. सरनौबत हा शब्द फारसीतून आला. सर म्हणजे प्रमुख. नौबत म्हटले की आपल्याला नगारा आठवतो, परंतु मुळात त्या शब्दाला पाळी, पहारा असा अर्थ आहे. या पदाखाली काय काय येत होते, ते सभासदाच्या बखरीतून कळते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांच्या वर सरनौबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. म्हणजे घोड्यांचे पाणी, नाल, दाणा आणि वैरण हाही शेवटी सरनौबताच्याच चिंतेचा विषय होता. तलवार चालवणे हा त्यातला लहानसा भाग.

हा भार प्रतापरावांना पेलवत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आग्र्याहून सुटकेनंतर मोगलांशी झालेल्या तहामुळे मराठ्यांची तुकडी औरंगाबादेस शहजादा मुअज्जमकडे होती. 1669 च्या अखेरीस तह मोडण्याची चिन्हे दिसताच प्रतापरावांनी ती तुकडी सुखरूप परत आणली. 1672 मध्ये साल्हेरच्या लढाईत त्यांचे घोडदळ आणि मोरोपंत पिंगळ्यांचे पायदळ यांनी मिळून मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. दोन सरदारांनी एकमेकांच्या वेळा सांभाळल्याशिवाय असा विजय मिळत नाही.

अडचण आली ती उमराणीला. मार्च 1673 मध्ये पन्हाळा स्वराज्यात आला आणि तो परत घेण्यासाठी विजापूरकरांनी बहलोलखानास पाठविले. एप्रिलमध्ये प्रतापरावांनी त्याला आजच्या जत तालुक्यातील उमराणीजवळ गाठले आणि त्याचे पाणी तोडले. ऐन उन्हाळ्यात जत भागात पाणी तोडणे म्हणजे काय, हे तिकडच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. दिवसभराच्या झुंजीनंतर तहानेने व्याकूळ झालेल्या खानाने याचना केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले.

शरण आलेल्याला सोडणे हे एका शिपायाचे औदार्य म्हणून शोभते. सरनौबताच्या बाबतीत हिशेब वेगळा होतो. सोडलेला खान पुन्हा आला तर त्याच्याशी लढणारे, पन्हाळ्याच्या परिसरात पीक गमावणारे, घर सोडून पळणारे लोक त्या निर्णयात विचारले गेले नव्हते. महाराजांचा राग याच कारणाने होता, असे मला वाटते. बहलोलखान पुन्हा उलटलाच. तेव्हा महाराजांनी कठोर शब्दांत पत्र लिहून, त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय भेटीस येऊ नये असे कळविले.

हा ठपका सेनापतीला होता. प्रतापरावांनी तो शिपाई म्हणून मनाला लावून घेतला. 24 फेब्रुवारी 1674, महाशिवरात्र. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीजवळच्या खिंडीत खान असल्याचे कळताच मागच्या फौजेची वाट न पाहता ते सहा स्वारांसह धावून गेले. सातही जण पडले. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारातही सरनौबत सहा घोडेस्वारांसह पडल्याची नोंद आहे. त्या सहांची नावे मात्र समकालीन साधनांत मिळत नाहीत; आज सांगितली जातात ती नंतरच्या परंपरेतील. सेनापती निघाला म्हणून ते निघाले. निघावे की नाही, हा विचार करण्याची मोकळीक त्यांना होती का, याविषयी कविता बोलत नाही आणि तिने बोलावे अशी अपेक्षाही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तेथे थांबावे.

आता त्या पर्यवेक्षकांच्या प्रश्नाकडे. मागची फौज आनंदरावांनी सांभाळली. सेनापती पडला की सैन्य विस्कटते, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. आनंदरावांनी तसे होऊ दिले नाही. उलट पुढच्याच महिन्यात विजापूरच्या मुलखात शिरून संपगावची पेठ लुटली. एप्रिलमध्ये चिपळूणला महाराजांनी लष्कराची पाहणी केली आणि तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना हंबीरराव किताबासह सरनौबत केले.

त्याच चिपळूण परिसरातील छावणीला मे 1674 मध्ये महाराजांनी पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून लिहिलेल्या या पत्रात पराक्रमाचा शब्दही नाही. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील; मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून दाणा, भाकर, गवत, भाजी उचलाल आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, अशी समज त्यात दिली आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जाते. राज्याभिषेक तेव्हा महिन्याभरावर, 6 जूनला, होता.

प्रतापरावांच्या कन्या जानकीबाई यांचा विवाह मार्च 1680 मध्ये महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत महाराजांचे निधन झाले.