रुमालातली दप्तरं आणि हार्ड डिस्क : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे



संगणकाचे भाग शिकवताना आपण मुलांना कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, सीपीयू, स्कॅनर, हार्ड डिस्क ही नावं पाठ करून घेतो. मुलं ती घडाघडा म्हणतातही. पण स्कॅनर आणि हार्ड डिस्क कशासाठी, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. ते कळण्यासाठी आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊया, ज्याने आयुष्यात संगणक पाहिला नाही, पण स्कॅनरचं काम मात्र जन्मभर केलं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावी झाला. वडील लहानपणीच गेले. पैशांची ओढाताण असल्याने शिक्षण थांबत-थांबत झालं. तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढे काही काळ शिक्षकाची नोकरी केली, म्हणजे ते आपल्याच पेशातले! नंतर 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, ते फार काळ चाललं नाही. पत्नीचं निधन लवकर झालं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही जन्मभर मराठीतच लिहायचं, हा त्यांचा बाणा होता.

वाईची पत्रं आणि पहिला खंड

वाई इथे त्यांना पानिपतच्या काळातली जुनी पत्रं पाहायला मिळाली आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. मराठ्यांचा इतिहास तोवर बखरी आणि इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकं यांवर उभा होता. राजवाडे म्हणाले, आधी त्या काळातले कागद गोळा करा, मग इतिहास लिहा. 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचा पहिला खंड 1898 साली निघाला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे पुढे एकूण 22 खंड झाले.

हे कागद कुठे होते? देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्या वाड्यांत, माळ्यावर, फडताळात. कापडात बांधलेल्या अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणत आणि कागदांच्या संग्रहाला दप्तर. मुलांना हे जरूर सांगा, की तुमच्या पाठीवरच्या दप्तराचं नाव तिथूनच आलंय. काही दप्तरं वाळवीने खाल्लेली, काही पावसात भिजलेली, काही रद्दीत गेलेली. काही घरं तर कागद दाखवायलाच तयार नसत. जमिनीचा, वतनाचा वाद उकरला जाईल अशी भीती असायची. राजवाडे थोडंसं सामान घेऊन, बरंचसं पायी, गावोगाव फिरत. स्वतः रांधून खात. मोडी अक्षर वाचायचं, देवनागरीत उतरवायचं, छापायचं. एक माणूस, एक लेखणी!

7 जुलै 1910 रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. स्वभाव तापट होता. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. त्यांनी जमवलेले कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं.

त्यांचे काही निष्कर्ष, विशेषतः जातींविषयीचे, आज पटत नाहीत. पण गंमत अशी की ते खोडून काढायलाही त्यांनीच छापलेले कागद उपयोगी पडतात. मतं जुनी होतात, पुरावा जुना होत नाही. तो फक्त जपावा लागतो.

एका घरातल्या कागदाची किंमत

आता आपल्या भागाकडे या. भोर तालुक्यातलं कारी हे जेध्यांचं गाव. त्या घराण्यातली 'जेधे शकावली' लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. तोवर शिवरायांचा जन्म 1627 सालचा धरत. शकावलीत मात्र शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. म्हणजेच 19 फेब्रुवारी 1630. आज आपण शाळेत ज्या तारखेला शिवजयंती करतो, तिच्यामागे आपल्याच डोंगरातल्या एका घराने सांभाळलेला कागद आहे. तो वाळवीने खाल्ला असता तर?

दुसरं उदाहरण उलटं आहे. बीडजवळ पाटांगण इथे मिळालेल्या पोथीवरून राजवाड्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. अभ्यासकांना एखाद्या शब्दाची शंका आली, तर मूळ अक्षर पाहता येत नाही. हाताने केलेल्या नकलेत नक्कल करणाऱ्याची नजर मिसळलेली असते. स्कॅनमध्ये अक्षराचं वळण, खाडाखोड, शाईचा डाग, सगळं जसंच्या तसं राहतं. नक्कल आणि स्कॅन यांतला फरक मुलांना इथे नेमका समजतो.

आता संगणकाचा धडा

राजवाड्यांचे डोळे म्हणजे स्कॅनर, लेखणी म्हणजे कीबोर्ड, खंड म्हणजे हार्ड डिस्क आणि छापखाना म्हणजे प्रिंटर. वाचलेलं ताडून पाहणारी त्यांची बुद्धी म्हणजे प्रोसेसर म्हणा हवं तर, पण तिथे यंत्र अजून कमी पडतं. जोडून लिहिलेली मोडी वाचायला आजही जाणता माणूस लागतो.

पाचवीपुढच्या मुलांना एक हिशोब घालून पाहा. ए-फोर आकाराचा कागद 300 डीपीआयवर स्कॅन केला, तर आडवे 2480 आणि उभे 3508 ठिपके पडतात. गुणाकार सुमारे 87 लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे एका पानाला सुमारे 2 कोटी 60 लाख बाइट, साधारण 26 एमबी. न दाबता साठवलं तरी 1 टीबीच्या, तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये अशी 38 हजारांच्या आसपास पानं बसतात. गणितही झालं आणि हार्ड डिस्क काय असते तेही कळलं.

पण हार्ड डिस्क बिघडते, पेन ड्राइव्ह हरवतो. म्हणून एकच प्रत ठेवायची नाही. निदान तीन ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावी. का, ते आपल्या तालुक्याला वेगळं सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. माणसांची घरं गेली, त्यांसोबत कपाटातली पुस्तकं आणि कागदही गेले. आणि हो, स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकायचा नाही. कागद, शाई, शिक्का यांचाही पुरावा असतो.

आपण काय करू शकतो?

वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणारी आपली पासली असो की तोरण्याभोवतालची दुसरी कुठली वाडी, एखाद्या घरात पत्र्याच्या पेटीत मोडी कागद असू शकतो. पालकहो, तो रद्दीत देऊ नका, जाळू नका. त्यावर सेलोटेप चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या, स्वच्छ सुती कापडात ठेवा. खिडकीजवळच्या उजेडात, सावली न पाडता, मोबाईल कागदाला समांतर धरून फोटो काढा. फाईलला गाव, घराणं, तारीख असं नाव द्या. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्या, कारण कागद त्यांचा आहे. मोडी वाचणारे लोक पुण्यात मंडळात भेटतात.

शिक्षकांनी शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांपासून सुरुवात करावी. मुलांनाच फोटो काढू द्या, मुलांनाच यादी करू द्या. राजवाड्यांना एकेका कागदासाठी कोसभर चालावं लागलं. आपल्याला फक्त पेटी उघडायची आहे. पण उशीर झाला, तर पेटीत फक्त वाळवीची माती मिळेल.