मुलांचे घर

तुमचा धाकटा भाऊ पाणी मागतो, कारण त्याचा हात फळीपर्यंत पोहोचत नाही. लहान मुलांची ही अडचण डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ओळखली. त्यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. रोम शहरातील एका गरीब वस्तीत आईवडील कामावर गेले की मुले एकटीच हुंदडत, भिंती खराब करीत. १९०७ साली मारियाबाईंनी त्यांच्यासाठी ‘मुलांचे घर’ उघडले. तेथे मुलांना उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या आणि बुटकी, बिनकुलपाची कपाटे ठेवली. मुले स्वतःच वस्तू घेऊ लागली आणि जागेवर ठेवू लागली. मारियाबाई १९३९ साली भारतात आल्या व त्यांनी येथील शिक्षकांना ही पद्धत शिकवली. १९५२ साली त्यांचे निधन झाले. तुम्हीही एक पेला खालच्या फळीवर ठेवून पाहा!