बट्टा लागलेल्या नाण्यांचा पारखी : जेम्स प्रिन्सेप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालच्या बाजारात रुपया हाती असून भागत नसे. त्या रुपयाची किंमत काय, हे सराफाला विचारावे लागे. नाणे जितके जुने, तितका त्यावरचा बट्टा अधिक. या बट्ट्याला आळा घालण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने एक अजब तोडगा काढला होता. दुसऱ्या शाहआलमच्या राजवटीचे एकोणिसावे वर्ष नाण्यांवर कायमचे गोठवण्यात आले. बादशहा १८०६ मध्ये निवर्तला, तरी कलकत्त्यात पडणाऱ्या शिक्क्यांवर वर्ष तेच राहिले आणि टाकसाळीचे नावही मुर्शिदाबाद असेच राहिले. जाणूनबुजून चुकीची माहिती मिरवणाऱ्या या चलनाच्या दुनियेत १८१९ च्या सप्टेंबरमध्ये वीस वर्षांचा एक तरुण कलकत्त्याला उतरला. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप.

प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजीचा. वडील जॉन प्रिन्सेप यांनी बंगालमध्ये निळीच्या व्यापारात पैसा मिळवला होता. जेम्स यांना वास्तुशास्त्राची ओढ होती; त्याचे शिक्षणही सुरू झाले होते. परंतु डोळ्यांच्या विकाराने ती वाट बंद झाली. मग लंडनच्या शाही टाकसाळीत त्यांनी धातूंचा कस लावण्याची विद्या शिकून घेतली. रेखाटनासाठी अधू ठरलेल्या याच डोळ्यांनी पुढे झिजलेल्या नाण्यांवरची अक्षरे वाचायची होती!

कलकत्त्याच्या टाकसाळीत संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन यांच्या हाताखाली थोडे दिवस काम केल्यावर त्यांची बनारसला ॲसे मास्टर म्हणून नेमणूक झाली. तेथील टाकसाळ बंद होईपर्यंत, म्हणजे १८३० पर्यंत, ते बनारसमध्ये राहिले. तेथे त्यांनी सांडपाण्यासाठी भुयारी मार्ग काढला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि घाटांची चित्रे रेखाटली. ग्रेनच्या तीन हजाराव्या भागाइतका फरक दाखवणारा तराजूही त्यांनी तयार केला. भट्टीची उष्णता मोजण्याच्या त्यांच्या कामाची दखल घेऊन १८२८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८३२ मध्ये विल्सन ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदासाठी निघाले आणि कलकत्त्याची त्यांची जागा प्रिन्सेप यांच्याकडे आली.

देशभरातील नाण्यांची वजने, कस आणि किमती यांची कोष्टके त्यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केली. चलन एकसारखे असावे, असा त्यांचा आग्रह होता. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला कंपनीचा रुपया सर्वत्र एकच ठरला. नाण्यातील दोष ही कल्पना खऱ्या अर्थाने येथूनच दृढ झाली. हातोड्याने ठोकलेल्या नाण्यात ठसा एका बाजूला सरकणे ही नित्याची गोष्ट होती. यंत्रातून हजारो नाणी एकसारखी पडू लागली, तेव्हा त्यांतले एखादे वेगळे नाणे उठून दिसू लागले.

आज अशा नाण्याची पारख करताना तराजूच साक्षीला येतो. ठसा सरकून अर्धी अक्षरे कडेबाहेर गेली, तरी धातू पुरता असतो आणि वजन भरते. कड कातरून चांदी चोरलेले नाणे मात्र हलके भरते. पहिली टाकसाळीची चूक असते, दुसरी माणसाची लबाडी. संग्राहक पहिलीला मोल देतो, दुसरीला सहसा देत नाही.

प्रिन्सेप यांच्या मेजावर मात्र याहून जुनी नाणी जमत होती. पंजाबातून जनरल व्हेंचुरा, अफगाणिस्तानातून चार्ल्स मॅसन यांच्यासारखे संशोधक आपली प्राप्ती त्यांना कळवत. कसाच्या हिशेबाने ही नाणी म्हणजे झिजलेली चांदी किंवा मळके तांबे. त्यांची जागा मुशीत. प्रिन्सेप मात्र एका नाण्यावर पुसलेले अक्षर दुसऱ्यावर शोधत. इंडो-ग्रीक नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी लिपी होती. राजांची नावे ताडून पाहत त्यांनी खरोष्ठीची अनेक अक्षरे लावली. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवर वारंवार येणाऱ्या शेवटच्या दोन अक्षरांत त्यांना दान हा शब्द दिसला आणि ब्राह्मीचे कुलूप उघडले. अशोकाचे स्तंभ आणि शिला त्यानंतर बोलू लागल्या.

सदोष नाण्याने त्यांना चकवलेही. गुजरात-माळव्यातील क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर अक्षरे कडेलगत असत आणि चकती लहान असल्याने वरच्या स्वरखुणा बाहेर पडत. सीह या अक्षरांची वेलांटी अशीच हरवली आणि त्याचे वाचन साह झाले. परिणामी रुद्रसीहाचे घराणे अभ्यासकांमध्ये बराच काळ साह राजांचे म्हणून ओळखले गेले. क्षत्रपांच्या इतिहासाची ही जुळणी पुढे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नेटाने पुढे नेली. वाचन चुकले तरी प्रिन्सेप यांनी नाण्यांची रेखाटने छापून ठेवली होती, हे महत्त्वाचे. चूक सुधारण्याचे साधन त्यांनी चुकीबरोबरच मागे ठेवले.

दिवसा टाकसाळ, उरलेल्या वेळी एशियाटिक सोसायटी आणि तिचे नियतकालिक, हा भार शरीराला पेलला नाही. डोकेदुखीने सुरू झालेला आजार मेंदूपर्यंत गेला. १८३८ च्या अखेरीस त्यांना इंग्लंडला नेण्यात आले, पण ते सावरले नाहीत. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा नाणेसंग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

कलकत्त्यात हुगळीच्या काठी त्यांच्या नावाचा घाट १८४३ मध्ये बांधला गेला. तो आजही उभा आहे. त्यांनी कस लावलेले लाखो रुपये कधीच वितळून गेले. बाजाराने बट्टा लावून बाजूला सारली असती अशी मूठभर नाणी मात्र त्यांनी जपली आणि त्यांतूनच या देशाला आपल्या विस्मृत राजांची नावे परत मिळाली.