अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

मूल वर्गात स्थिर बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही किंवा शाळेकडे फिरकतच नाही, तेव्हा त्याचा दोष मुलाच्या माथी मारण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. छडी हे त्या रीतीचे दृश्य चिन्ह. अशा वेळी प्रथम शाळेने व शिक्षकाने स्वतःकडे पाहावे, हा पायंडा मराठी मुलुखात ज्यांनी पाडला, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणात त्या वाढल्या आणि १९१४ साली पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या. तुकईथडहून धारणीमार्गे मेळघाट ओलांडल्यावर लागणारे हे शहर त्यांच्या कसोटीचे ठिकाण ठरले. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन त्यांनी स्वतंत्र वाट धरली. त्या काळी स्त्रीने असा निर्णय घेणे किती अवघड होते, हे वेगळे सांगावयास नको. पुढे राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान त्यांना मिळाला.

हे स्थिर व मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले होते. इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ पासून चालविलेल्या प्रयोगांची प्रेरणा त्यामागे होती. या बालमंदिरात मारही नव्हता आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. हाताला मनाजोगे काम मिळाले की मूल आपोआप शांत होते, हे तेथे रोज दिसत असे. साधनांची मांडणी नीट करणे, मुलाचे बारकाईने निरीक्षण करणे आणि गरज पडेल तेवढीच मदत करणे, हे शिक्षकाचे खरे कौशल्य मानले जाई. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एकेकट्याने धडपडणाऱ्या शिक्षकांना एकमेकांचा आधार देणारे ते व्यासपीठ होते. पुढे १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले आणि शहरी मध्यमवर्गात बालशिक्षणाचा विचार रुजू लागला.

तथापि, ही पद्धत सधनांच्या मुलांपुरतीच राहणार काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी निघाली. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले तेथपर्यंत पोहोचेनात. तेव्हा मुलांना बोल न लावता शाळाच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे व माती यांनी घेतली. प्रथम मुलांची स्वच्छता, मग गाणी, गोष्टी व खेळ, असा क्रम ठरला.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथील वारली मुले शाळेत टिकत नसत. मुलगे गुरे राखत आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत, हे त्याचे खरे कारण होते. म्हणून गुराख्यांसाठी चराईच्या जागीच कुरणशाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी आकारास आली. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवता येऊ लागताच थोरल्या बहिणीची शाळेची वाट मोकळी झाली. ज्याला बेशिस्त म्हणून हिणवले जाई, ते पुष्कळदा दारिद्र्याने लादलेले काम असते, हा या प्रयोगाचा धडा होय.

ताराबाईंच्या नेतृत्वाचे मर्मही येथेच आहे. राजकोटहून भावनगर, दादरहून बोर्डी आणि तेथून कोसबाड, असा त्यांचा प्रवास अधिकाधिक गैरसोयीच्या ठिकाणी होत गेला. सहकाऱ्यांना ज्या वाटेने जावयाचे होते, ती त्या स्वतः आधी चालल्या होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, तो वारसा निष्ठेने सांभाळला.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तुकईथडच्या पंचक्रोशीतील कोरकू वस्त्यांतही तो घरोघरी ठाऊक आहे. हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे सलग गैरहजेरी मांडताना त्याच्या घराच्या अंगणापर्यंत एकदा जाऊन येणारा शिक्षक, नकळत का होईना, ताराबाईंचीच परंपरा चालवीत असतो.