नागपूरहून सुटलेली एक गाडी

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 8:26-40



आजच्या उताऱ्यात फिलिप्प गाझाच्या वाटेवर एका रथामागे धावतो. रथात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार बसलाय. यरुशलेमेहून परत निघालाय आणि यशयाचं पुस्तक मोठ्यानं वाचतोय. फिलिप्प त्याला काही शिकवायला जात नाही, आधी फक्त विचारतो की वाचताय ते कळतंय का. पुढचं संभाषण त्या माणसाच्या हातात जे पुस्तक होतं तिथूनच सुरू होतं. हा उतारा आला की मला दर वेळी आपल्या ना. वा. टिळकांची आठवण होते, कारण त्यांच्या आयुष्यातही असाच एक रथ आहे. फक्त त्याला रुळ होते.

आमच्या तरुण संघात एक प्रश्न फिरून फिरून येतो. ऑफिसमधला, कॉलेजमधला, पीजीमधला मित्र आहे, रोज सोबत चहा होतो, पण प्रभूबद्दल बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. त्याला वाटेल की हा आपल्याला बाटवायला आला. या भीतीला मी हसणार नाही, ती खरी आहे. पण आज उपदेशाऐवजी टिळकांचीच गोष्ट सांगतो. (लोकमान्यांशी गल्लत करू नका. हे रेव्हरंड टिळक. तुमच्या घरातल्या 'उपासना संगीता'त ज्यांची कितीतरी गीतं आहेत ते.)

नारायण वामन टिळक 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. चित्पावन ब्राह्मण घर, वडील अतिशय कडक. आई गेल्यावर मुलगा लहानपणीच घराबाहेर पडला आणि नाशिकला येऊन गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. तीच आपली लक्ष्मीबाई. तिचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी आधी ते वाचावं, हा ब्लॉग नंतर वाचला तरी चालेल. त्यातले टिळक संतापी आहेत, विसराळू आहेत, हातात पैसा टिकत नाही, आणि मनात आलं की घरी न सांगता कुठेही निघून जातात. संत म्हणून भिंतीवर टांगायच्या फोटोतला हा माणूस नव्हे.

पण धर्माच्या बाबतीत तो बेफिकीर नव्हता. जातिभेद त्यांना सलत होता, मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला होता. देशाला नवा धर्म हवा आणि तो आपणच काढावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांनी 'ऋषि' नावाचं मासिकही चालवलं.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले, नोकरीच्या निमित्तानं. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्या काळी गोऱ्या माणसानं नेटिवाशी नीट वागणं हीच मोठी गोष्ट, आणि हा माणूस अदबीनं वागला. बोलणं निघालं ते काव्यावर! टिळक कवी आणि संस्कृतचे पंडित, त्यांना याहून आवडीचा विषय कोणता असणार? काव्यावरून गप्पा हळूहळू श्रद्धेकडे वळल्या. त्या गृहस्थानं टिळकांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मग त्यांना शुभवर्तमानाचं पुस्तक दिलं आणि ख्रिस्ताच्या चरित्राचा अभ्यास करा असं सुचवलं. मनापासून शोध घेत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो बोलून गेला.

हे शेवटचं वाक्य मला अजून पटत नाही. खरं ठरलं म्हणून आपण त्याला भविष्यवाणी म्हणतो, पण मी माझ्या मैत्रिणीला असलं काही सांगितलं तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. त्या माणसाचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. स्टेशन आलं तेव्हा दोघं निरोप घेऊन वेगळे झाले. एकमेकांचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. कोणत्या मंडळीला येता, कधी येता, काहीच नाही. आजच्या उताऱ्यातही बघा, पाण्यातून वर आल्यावर फिलिप्प दिसेनासा होतो आणि खजिनदार आनंदानं आपल्या वाटेनं जातो.

पुस्तक टिळकांना लगेच आवडलं असंही नाही. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून उघडलं. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत, पंडिताच्या शिस्तीनं वाचायला बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. डोंगरावरचं प्रवचन. वैऱ्यावर प्रीती, गुपचूप केलेलं दान, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ. जे प्रश्न कित्येक वर्षं ते सोबत घेऊन हिंडत होते त्यांची उत्तरं त्या तीन अध्यायांत सापडतायत असं त्यांना वाटलं. त्या खोलीत मिशनरी नव्हता, वाद घालायलाही कोणी नव्हतं.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं भरायच्या आतच.

याची किंमत आपल्या पिढीला नीट कळत नाही. आपल्याला भीती असते ती मित्र ग्रुपमधून काढेल, मागे हसेल, याची. टिळकांची नोकरी गेली, जात गेली, नातलग तुटले. सगळ्यात जड म्हणजे लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले. ती कोलमडून गेली होती. नवरा जिवंत आहे आणि तरी नाही, अशी तिची अवस्था. माहेरच्या माणसांच्या आधारानं दिवस काढले. टिळक तिला पत्रं पाठवत राहिले, कविता पाठवत राहिले.

मला या चरित्रातला सगळ्यात अवघड भाग हा वाटतो. रेल्वेत भेटलेल्या अनोळखी माणसाशी विश्वासाबद्दल बोलणं त्यामानानं सोपं, तो पुढच्या स्टेशनावर उतरतो. जी व्यक्ती आपल्याला आतून-बाहेरून ओळखते, आपला राग, आपला विसराळूपणा, आपण केलेला अन्याय ज्या व्यक्तीनं सोसलाय, तिच्याशी कसं बोलणार? टिळकांनी बाप्तिस्म्याचा निर्णय तिच्या डोक्यावरून घेतला होता. तिचा संताप रास्त होता, असं मी ख्रिस्ती असूनही म्हणेन.

काही वर्षांनी ती नगरला त्यांच्याजवळ आली. आली ती सोवळ्यासकट. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि हा उतावळा, शीघ्रकोपी माणूस, ज्याला दुकानातून सामान आणेपर्यंत धीर नसे, तो या एका बाबतीत थांबला. तिच्यावर सक्ती केली नाही. ती त्यांना रोज बघत होती. त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसं, त्यांची जात न विचारण्याची सवय, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मग तिचं तिलाच सुचलं की देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, आणि तिनं ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, असा तिचा क्रम आहे. 1900 साली तिनं बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. पुढे टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं तेव्हा ते पूर्ण करणारीही तीच.

टिळकांनी नंतर अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन केलं. ते सगळं थोडक्यात सोडतो. मला सांगायचंय ते त्यांच्या भाषेबद्दल. लोकांशी ख्रिस्ताबद्दल बोलायचं तर परक्या सुरात नको, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते उघडपणे मानत. म्हणजे समोरचा वारकरी असेल तर त्याच्याजवळ जे आहे ते आधी आदरानं ऐकायचं, कारण त्यातलं बरंचसं टिळकांनाही प्रिय होतं. तुमचा मित्र गणपतीत ढोल वाजवतो किंवा आजीसोबत वारीला जाऊन आलाय, तर त्याला त्याबद्दल तुम्ही शेवटचं कधी विचारलंय?

1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्तावर प्रीती करणाऱ्या माणसानं आधी रांग बदलली पाहिजे असा आग्रह नव्हता. यावर आपल्या मंडळ्यांमध्ये आजही मतभेद होतील, आणि बाप्तिस्म्याचं महत्त्व मलाही कमी करायचं नाही. पण दार उघडं ठेवून बसलेला हा म्हातारा होत चाललेला कवी मला फार जवळचा वाटतो.

आणि एक मित्र राहिलाच. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या एका मुलानं कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. टिळकांचा त्याच्यावर जीव जडला. पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला, घरातलाच झाला. रुसणं-फुगणं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. त्या घरात रोज प्रार्थना होत होती, ख्रिस्ताचं नाव निघत होतं, घरचा कर्ता पाळक होता. बालकवी ख्रिस्ती झाला नाही. टिळकांची माया त्यानं आटली नाही, त्याच्या ताटातलं काही कमी झालं नाही. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. साधारण एक वर्षानं, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकही गेले.

उद्याचं वाचन: लूक 24:13-35. पुन्हा एक रस्ता, पुन्हा दोन मित्र.