विश्लेषण : ताणल्या जाणाऱ्या कपड्यांमागचा रसायनशास्त्रज्ञ कोण? हे कपडे गरम पाण्यात का धुऊ नयेत?

जिमची लेगिंग, पोहण्याचा पोशाख, सायकलस्वाराची शॉर्ट हे कपडे ताणले तरी पुन्हा मूळ मापात येतात. मात्र धुण्यात चूक झाली, की काही महिन्यांतच ते सैल पडतात. असे का होते, याचे उत्तर वॉलेस कॅरोदर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. त्यांना आयुष्य लाभले अवघे ४१ वर्षांचे.

कॅरोदर्स कोण होते?

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. वडील वाणिज्य महाविद्यालयात शिकवत. मिसूरीतील टार्किओ महाविद्यालयात विद्यार्थी असतानाच कॅरोदर्स यांच्यावर रसायनशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आली. १९२४मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि पुढे हार्वर्डमध्ये ते शिकवू लागले. ड्यूपॉन्ट कंपनीने मूलभूत संशोधनासाठी बोलावले, तेव्हा आपल्याला नैराश्याचे झटके येतात आणि त्याचा कामावर परिणाम होऊ शकतो, हे त्यांनी आधीच कळवले होते. तरीही कंपनीने आग्रह धरला आणि १९२८मध्ये ते विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

पहिला धागा का फसला?

रबर, रेशीम यांसारखे पदार्थ लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचे बनलेले असतात का, यावर त्या काळी वाद होता. कॅरोदर्स यांनी लहान रेणू एकेक जोडत अशा साखळ्या प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या. १९३०मध्ये त्यांच्या गटाच्या हाती निओप्रीन हे कृत्रिम रबर लागले. पाणबुड्यांचे पोशाख आजही त्यापासून बनतात. त्याच वर्षी त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरचा धागा ओढला. थंड झाल्यावर तो आणखी ताणला, तेव्हा तो तुटण्याऐवजी अधिक मजबूत आणि लवचिक झाला. ताणल्यामुळे आतल्या साखळ्या एका दिशेने रांगेत आल्या होत्या. पण हा धागा गरम पाण्यात मऊ पडून वितळे. त्यामुळे कापडासाठी तो निरुपयोगी ठरला.

नायलॉन कसे सापडले?

मग कॅरोदर्स पॉलिअमाइडकडे वळले. या साखळ्या शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून ठेवतात. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांच्या गटाने नायलॉन ६,६ तयार केले. ते सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते. १९३६मध्ये कॅरोदर्स नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. मात्र नैराश्य बळावत गेले. आपल्याला आता नवे काही सुचत नाही, या विचाराने त्यांना ग्रासले. जानेवारी १९३७मध्ये लाडक्या बहिणीचे निधन झाले. २९ एप्रिल १९३७ रोजी फिलाडेल्फियात त्यांनी जीवन संपवले. त्यांची मुलगी सात महिन्यांनी जन्मली. नायलॉनची जाहीर घोषणा ऑक्टोबर १९३८मध्ये झाली आणि मे १९४०मध्ये अमेरिकाभर नायलॉनचे स्टॉकिंग्ज विक्रीला आले. महायुद्धात पॅराशूटही नायलॉनचे बनले. यातले काहीच त्यांना पाहता आले नाही.

आजच्या लेगिंगमध्ये काय असते?

बहुतांश कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते. त्यात थोडे स्पँडेक्स मिसळलेले असते. लेबलवर ते इलॅस्टेन किंवा लायक्रा या नावानेही दिसते. ड्यूपॉन्टमधीलच जोसेफ शिव्हर्स यांनी १९५०च्या दशकाअखेरीस ते विकसित केले. त्याच्या साखळीत काही भाग मऊ, गुंडाळलेले असतात, तर काही कडक असतात. ताणल्यावर मऊ भाग उलगडतात आणि ताण सुटताच पुन्हा गुंडाळले जातात, तर कडक भाग साखळ्यांना जागेवर धरून ठेवतात. म्हणूनच हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही परत येतो.

काळजी कशी घ्यावी?

सततच्या उष्णतेने कडक भागांची पकड सैल होते, तर क्लोरीनमुळे साखळ्याच तुटतात. त्यामुळे हे कपडे थंड किंवा जास्तीत जास्त ३० अंशांच्या पाण्यात, सौम्य साबणाने, उलटे करून धुवावेत. ब्लीच वापरू नये. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो आणि घाम टिपण्याचा गुण कमी होतो, म्हणून तोही टाळावा. पोहून आल्यावर पोशाख लगेच साध्या पाण्यातून काढावा. पिळू नये. ओला कपडा दोरीवर लोंबकळत ठेवला तर स्वतःच्या वजनानेच ताणला जातो, त्यामुळे तो सावलीत सपाट पसरून वाळवावा. ड्रायर टाळावा. इस्त्री शक्यतो करूच नये. करावीच लागली तर सर्वांत कमी तापमानावर आणि वर सुती कापड ठेवून करावी.