आई-बापांना न विसरलेला भिक्खू : ह्युएनत्संग



धम्मदीक्षा घेतलेल्या घराला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी तो गावाकडचे भावकीतले विचारतात, कधी शेजारी विचारतात. कधी घरातलेच म्हातारे माणूस तोंडाने न विचारता नुसते बघत राहते. वाडवडिलांचा धर्म सोडलात, म्हणजे वाडवडिलांनाच सोडलेत की काय? या प्रश्नापुढे आपली तरुण मुले गोंधळतात. म्हणून आज आपणांस एका चिनी भिक्खूचे जीवन सांगतो. शाळेच्या इतिहासात मुलांनी त्यांचे नाव वाचले असेल. ते म्हणजे ह्युएनत्संग.

प्रथम त्यांचा देश समजून घ्या. चीनमध्ये बुद्धाचा धम्म पोहोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. त्याआधी कित्येक शतके तेथे विचारवंतांच्या अनेक परंपरा नांदत होत्या. कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१ ते ४७९) यांनी आई-बापांची सेवा, थोरामोठ्यांचा मान, विद्या आणि सदाचार यांवर समाज उभा करावा असे शिकविले. लाओत्से यांच्या नावाने चालणाऱ्या पंथाने ताओ, म्हणजे निसर्गाचा मार्ग, सांगितला. मो-त्झू यांनी आपपर भाव न ठेवता सर्वांवर सारखे प्रेम करावे असे म्हटले. कायदेवाद्यांचा भर कडक शिक्षा आणि बक्षिसे यांवर होता. म्हणजे धम्म गेला तो रिकाम्या घरात गेला नाही. तेथे आधीच विद्येचा दिवा जळत होता.

अशा देशात, लोयांग शहराजवळ, इ. स. ६०२ च्या सुमारास ह्युएनत्संग यांचा जन्म झाला. घराणे कन्फ्यूशियसच्या विद्येत मुरलेले. आठ वर्षांचे असताना वडील त्यांना मातृपितृभक्तीचा ग्रंथ शिकवीत होते. गुरूचे बोलणे ऐकण्यासाठी शिष्य आसन सोडून उभा राहिला, असा प्रसंग त्यात आला. त्याबरोबर हा मुलगा कपडे सावरून उठून उभा राहिला. त्या शिष्याने गुरूचा मान राखला, मग आपण वडिलांपुढे बसून कसे ऐकावे, असे त्याचे म्हणणे होते.

पुढे वडील वारले. थोरले बंधू आधीच भिक्खू झाले होते. त्यांनी धाकट्याला विहारात नेले आणि तेराव्या वर्षी त्याची श्रामणेर म्हणून निवड झाली. वीस वर्षांचे झाल्यावर त्यांनी उपसंपदा घेतली. धम्म स्वीकारला म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. एक आचार्य एक अर्थ सांगे, दुसरा दुसरा सांगे. भाषांतरे एकमेकांशी जुळत नव्हती. तेव्हा ऐकीव गोष्टींवर विसंबायचे नाही, मूळ ग्रंथ जिथे आहेत तिथे जाऊन शिकायचे, असे त्यांनी ठरविले.

बादशहाने सरहद्द ओलांडण्यास मनाई केली होती. तरी इ. स. ६२९ च्या सुमारास ते निघाले. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि चार-पाच दिवस घशाला थेंब मिळाला नाही. तुर्फानच्या राजाने त्यांना मानाने ठेवून घेतले, पण पुढे जाऊ देईना. तेव्हा त्यांनी तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले आणि राजाचे मन वळविले. समरकंद, बामियान, काश्मीर करीत ते नालंदेला पोहोचले. तेथे वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणी बसून त्यांनी अध्ययन केले.

इ. स. ६४१ च्या सुमारास ते आपल्या महाराष्ट्रात आले. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे राज्य होते. उत्तरेचा बलाढ्य हर्षही त्याला नमवू शकला नव्हता. येथील माणसे धिप्पाड, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी आहेत, असे त्यांनी लिहून ठेवले. शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद केली. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन त्यांनी केले, तो अजिंठा होय असे विद्वान मानतात. पुण्याहून आपण रविवारी मुलांना कार्ले-भाजे दाखवायला नेतो. त्या वेळी त्यांना हे सांगा, की एके काळी या मातीत धम्म शिकण्यासाठी चीनमधून माणूस चालत आला होता.

त्यांची आणखी एक नोंद आपल्या काळजाला भिडणारी आहे. खाटीक, कोळी, नर्तक, फाशी देणारे आणि झाडूवाले यांना वस्तीबाहेर राहावे लागे आणि रस्त्याने कडेकडेने जावे लागे, असे त्यांनी नोंदविले. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा उद्भवली हे शोधताना ही नोंद तपासली आहे. आपल्या पूर्वजांच्या दुःखाचा पुरावा असा एका परदेशी भिक्खूच्या वहीत राहिला.

इ. स. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन परतले. बादशहाने चीवर उतरवून राज्यकारभारात येण्यास सांगितले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढची एकोणीस वर्षे भाषांतर केले. ७५ ग्रंथ पुरे झाले. भारतात मूळ ग्रंथ नाहीसे झाले तेव्हा चिनी भाषांतरांनीच कितीतरी विचार जगविला. म्हणून तर आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट यांनी पालीबरोबर चिनीचाही अभ्यास केला आणि केवळ चिनीत पूर्ण उरलेल्या विमुत्तिमग्गाची विसुद्धिमग्गाशी तुलना १९३७ साली प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी ह्युएनत्संगांच्या प्रवासवर्णनाच्या आधारेच जमिनीखाली गेलेली बौद्ध स्थळे ओळखली.

इ. स. ६४७ मध्ये बादशहाने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात करण्याची आज्ञा दिली. ह्युएनत्संगांनी ती मानली. पण ताओपंथी विद्वान ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द मागू लागले. त्यांनी तो दिला नाही. ताओ म्हणजे मार्ग, तेव्हा मार्गच लिहायचे, असे त्यांनी बजावले. दुसऱ्याच्या ग्रंथाचा त्यांनी अनादर केला नाही आणि आपल्या धम्मात भेसळही होऊ दिली नाही. जुने कर्मकांड नवे नाव देऊन घरात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. इ. स. ६५७ मध्ये बादशहाबरोबर लोयांगला गेले असता ते आपल्या गावी गेले. सगळे आप्त काळाने नेले होते. एक थोरली बहीण तेवढी उरली होती. तिला बरोबर घेऊन त्यांनी आई-बापांच्या पडझड झालेल्या कबरी शोधल्या आणि चांगली जागा पाहून त्यांना पुन्हा मानाने पुरले. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, देशभर मान्यता पावलेले आचार्य होते. इ. स. ६६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंधूंनो, वडिलांसमोर उठून उभा राहिलेला आठ वर्षांचा मुलगा त्या भिक्खूच्या चीवरात शेवटपर्यंत जिवंत होता. त्यांनी परंपरा तपासली, जे खरे पटले ते जीव धोक्यात घालून मिळविले आणि जे चांगले होते ते टाकले नाही. आपल्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढली, वेशीबाहेर उभे राहून भाकरी मागितली, तरी आपल्याला वाढविले. आपण सोडली ती त्यांच्यावर लादलेली गुलामी. त्यांना आपण सोडलेले नाही. घरातले म्हातारे माणूस पुन्हा तसे बघेल, तेव्हा त्याच्याजवळ बसा आणि ही कथा त्याला सांगा.